घाट उतरताना: बटणाचं काम आणि आपलं काम



आपल्या प्रभागातल्या समूहांचा माल दर आठवड्याला घाट उतरून खालच्या बाजाराला जातो. पापड, नाचणीचं पीठ, तांदूळ, कडधान्य आणि मोसमात करवंदं, जांभळं. मालाबरोबर आपणही जातो. यंदा आपल्या रस्त्यावर काही नव्या गाड्या आल्या आहेत. त्यातल्या एका गाडीवाल्या दादांनी आपल्या सभेत येऊन सांगितलं, "ताई, या गाडीला उतारासाठी बटण आहे. ते दाबलं की गाडी आपोआप सावकाश उतरते. आणखी चार जणी बसल्या तरी काळजी नाही."

चार जणी जास्त म्हणजे माणशी भाडं कमी. बोलणं सगळ्यांनाच गोड वाटलं. पण हो म्हणण्याआधी हे बटण नेमकं काय करतं ते समजून घ्यायचं आम्ही ठरवलं. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं. तालुक्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारलं. दादांना गाडीचं बॉनेट उघडून दाखवायला लावलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी उतार म्हणजे काय ते बघू. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरताना आपण काय करतो? पावलं जवळ जवळ टाकतो. अंग थोडं मागे ठेवतो. पहिल्या पावलापासून स्वतःला आवरत उतरतो. धावत सुटून मध्येच थांबू म्हटलं तर थांबता येत नाही, हे लहानपणापासून आपल्या पायांना ठाऊक आहे. गाडीचंही तसंच आहे. वजन तिला खाली ओढतं. ही ओढ कशात तरी जिरवावी लागते. ब्रेक मारला की ती चाकाजवळ घासून जिरते आणि तिची उष्णता होते.

किती उष्णता? ढोबळ हिशेब सांगतो. माल आणि माणसं धरून गाडीचं वजन २००० किलो आणि घाटाची उभी उंची ३०० मीटर धरू. गाडी संथ वेगाने उतरवताना ही सगळी ओढ ब्रेकनेच जिरवली, तर त्या उष्णतेवर साधारण १८ लिटर गार पाणी उकळेल. मोठा हंडाभर पाण्याला उकळी आणायला चुलीत किती लाकूड लागतं ते आपल्याला माहीत आहे. तेवढी धग चार चाकांमधल्या हाताएवढ्या भागांत साठते. ४०० किलो जास्त भरले की आणखी साडेतीन लिटरची धग वाढली. बटण असो वा नसो, हा हिशेब बदलत नाही.

आता ते बटण. त्याचं नाव हिल डिसेंट कंट्रोल. बटणावर बहुधा उतारावरच्या गाडीचं चित्र असतं. गाड्यांमध्ये ते पहिल्यांदा आलं १९९७ साली, इंग्लंडच्या लँड रोव्हर कंपनीच्या फ्रीलँडर गाडीत. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीच्या डोंगरी जीपला दोन गिअरदांडे असतात. दुसरा दांडा टाकला की चाकं एकदम संथ फिरतात, आणि कच्च्या उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. फ्रीलँडर हलकी ठेवायची म्हणून तिला हा दुसरा दांडा दिला नव्हता. मग ती उणीव भरून काढायला ब्रेकच्या यंत्रणेचा उपयोग केला.

ती यंत्रणा म्हणजे एबीएस. यात प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय हे तो सतत गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो. ब्रेकच्या नळ्यांना जोडलेला एक पंप आणि झडपा असतात. बटण चालू केलं आणि गाडी ठरलेल्या वेगापेक्षा जोरात जाऊ लागली, की संगणक पंपाला हुकूम देतो. ड्रायव्हरचा पाय पेडलवर नसला तरी ब्रेक लागतो. वेग उतरला की सुटतो, वाढला की पुन्हा लागतो. सेकंदात अनेक वेळा असं होतं. त्या वेळी खालून घर्र घर्र किंवा टकटक आवाज येतो. तो ऐकून घाबरू नका, पंप काम करतोय.

याची खरी करामत खडीवर आणि मातीवर दिसते. निसरड्या उतारावर ब्रेक जोरात दाबला की एखादं चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घसरतं. पुढची चाकं अशी घसरू लागली की स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. आपल्याला पाय एकच आणि पेडल एकच, त्यामुळे चारही चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणं माणसाला जमत नाही. यंत्राला जमतं. जे चाक घसरतंय त्याचा ब्रेक ते सैल करतं आणि ज्याची पकड आहे त्याचा लावतं. ड्रायव्हरने फक्त स्टिअरिंग सांभाळायचं.

म्हणजे बटण खोटं नाही. चांगली सोय आहे. पण ते कशासाठी केलंय हे बघा. छोटा, तीव्र, कच्चा उतार आणि अगदी कमी वेग यासाठी. वेग फार वाढला की बऱ्याच गाड्यांत ते काम करत नाही. दादांची गाडी आपला डांबरी घाट ज्या वेगाने उतरते, त्या वेगाला त्याचा उपयोग नाही. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की ते गाडी ब्रेकनेच धरतं. वेगळी कुठली ताकद त्याच्यापाशी नाही. त्यामुळे लांब उतारावर ब्रेक तापायचे तसे तापतात. फार तापले तर बऱ्याच गाड्यांत यंत्रणा इशारा देते आणि स्वतःच सुटते. टायर गुळगुळीत झाले असतील किंवा चिखल फार असेल, तर संगणक तरी पकड कुठून आणणार?

मग लांब घाटात गाडी धरायची कशाने? इंजिनाने. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला, की चाकं इंजिनाला फिरवू लागतात. इंजिनाला ते जड जातं, म्हणून ते चाकांना मागे ओढतं. हीच गाडीची जवळ जवळ टाकलेली पावलं. यात ब्रेक तापत नाहीत. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सांगणं सोपं आणि खरं आहे. फक्त तो गिअर माथ्यावरच टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडणं अवघड होतं, आणि त्या धडपडीत गाडी न्यूट्रलमध्ये राहिली तर ती मोकाट सुटते.

काही जण डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल करतात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय सोडून उतरताना डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळतच राहतं. म्हणजे बचतही होत नाही. काही जण इंजिनच बंद करतात. ते तर फार वाईट. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरते. पुढे पेडल दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं.

ब्रेक तापून निकामी होतात म्हणजे काय होतं, हेही मिस्त्रींनी सांगितलं. पेडलचा दाब चाकापर्यंत ब्रेक ऑइल पोचवतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको. ओलावा मुरला की तेच १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबून आकसत नाही, वाफ आकसते. मग पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपला पाऊस आणि दमट हवा बघता हे विसरून चालत नाही.

बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. तिथला चढ ३७ फुटांना १ फूट. रुळावर हा उतार भयंकरच. तिथे उतरणारी गाडी सुटलीच तर तिला चढावर वळवून थांबवायला बाजूचे खास रूळ ठेवले, आणि गाडी ताब्यात आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचा रस्ता द्यायचा नाही अशी रीत ठेवली. दीडशे वर्षांपूर्वीही लोकांनी उतरण्याचा विचार उतरण्याआधी केला होता. आपल्या जीपला असे रूळ नाहीत, म्हणून आपली खात्री माथ्यावरच करून घ्यायची.

हे सगळं सभेत मांडल्यावर आम्ही गाडी ठरवताना बोलायच्या अटी लिहून काढल्या. गाडीच्या आरसीवर जितक्या जागा आहेत तितक्याच जणी बसणार. मालाच्या पिकअपमध्ये मालावर कोणी बसणार नाही. कायद्यानेही त्याला परवानगी नाही आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं मुश्कील होतं. घाटमाथ्यावर गाडी दोन मिनिटं थांबणार, ब्रेक दाबून बघणार, खालचा गिअर टाकणार. न्यूट्रल नाही, इंजिन बंद नाही. ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारणार.

पुढच्या सीटवर बसणारीने कान आणि नाक उघडं ठेवायचं. जळका वास आला, चाकातून धूर दिसला, दादा पेडल पुन्हा पुन्हा दाबायला लागले, तर लगेच म्हणायचं, "दादा, रुंद जागा बघून गाडी घ्या बाजूला." गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकापुढे दगड लावायचा आणि धग उतरेपर्यंत बसायचं. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क तडकू शकते. अर्धा तास उशीर झाला तर बाजार थोडा कमी होईल, बाकी काही बिघडत नाही.

या अटींनी खर्च वाढतो, हे लपवत नाही. एका फेरीच्या दोन फेऱ्या होतात. माणशी भाडं वाढतं, आणि दिवसाला तीनशे-चारशेचा माल विकणाऱ्या बाईला तो फरक जाणवतो. दोन समूहांनी अजून ठराव घेतलेला नाही. त्यांचा हिशेबही खोटा नाही. म्हणून वाढीव भाड्याचा काही भाग ग्रामसंघाच्या निधीतून द्यावा, असा विषय पुढच्या सभेत घेतला आहे. आपल्या समूहाचं म्हणणं घेऊन जरूर या.

गाडीवाल्या दादांनी अटी ऐकून घेतल्या. आधी थोडे नाराज झाले. मग म्हणाले, "माझीही बायकापोरं याच गाडीतून येतात." ते आता माथ्यावर थांबतात. बटणही आहेच. वाडीवरच्या खडीच्या उतारावर ते वापरतात आणि तिथे ते खरंच कामाला येतं.

तुमच्या समूहाची गाडी ठरवायची असेल तेव्हा हे सगळं एकदा वाचून दाखवा. आणि घाटात गाडी उतरू लागली की विचारायला लाजू नका, "दादा, गिअर कुठला?"