चार अलमाऱ्यांचे काय करायचे?

(समाजाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी कीर्तन होते, नाट्यगीते होतात, मुलांचे नाच होतात. यंदा कार्यकारिणीने एका ग्रंथपालाला उभे केले आहे. मी विद्वान नाही. ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतली आणि वीसेक वर्षे शासकीय नोकरीत पुस्तकांच्या नोंदी करत आलो; आधी धारला, आता देवासला. मला नोंदी करायची सवय आहे, भाषणाची नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

ज्याच्यासमोर आपण बसलो आहोत तो विद्येचा देव आहेच, शिवाय लेखनिकही आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. व्यासांना सुचले ते टिकले, कारण कोणीतरी लिहून ठेवले. आणखी एक योगायोग सांगतो. लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ती १८९३ साली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले तेही १८९३ सालीच. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. उत्सव आणि वाचनालय ही त्या पिढीच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती. माळव्यात आपले आजे-पणजे स्थिरावले तेव्हा त्यांनीही हेच केले. आधी गणपती बसवला, मग पुस्तकांची अलमारी आणली.

त्या अलमाऱ्या आता चार झाल्या आहेत, आणि आजचा विषय त्यांचाच आहे. गेल्या बैठकीत प्रश्न आला की सभागृहात जागा कमी पडते, मग या अलमाऱ्यांचे करायचे काय? एक काका मला म्हणाले, "अरे, कोण वाचतं आता ही पुस्तकं? उघडलं की शिंका येतात. रद्दीत देऊ आणि त्या पैशांत चार खुर्च्या घेऊ." काकांचा मला राग आला नाही. कारण काका जे आज म्हणाले, ते मी एकदा स्वतःच्या हाताने केलेले आहे.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एका ठिकाणी जुना संग्रह तपासून निरुपयोगी सामग्री बाद करण्याचे काम माझ्याकडे आले. पदविकेत शिकलेले सगळे नियम ताजे होते. कादंबऱ्या, चरित्रे, कोश मी नीट ठेवले. एका कोपऱ्यात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. त्यात जुन्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका, नाटकांची हस्तपत्रके, कुठल्या तरी सत्काराची पुस्तिका असे बरेच काही होते. दाखल क्रमांक कशावरच नव्हता. धड पुस्तक नाही, मासिकही नाही. मी यादीत 'किरकोळ छापील कागद' असे लिहिले आणि गठ्ठा रद्दीच्या ढिगात टाकला. यादीवर सही माझी होती.

वर्षभराने एक आजोबा आले. वय ऐंशीच्या घरात, हातात कापडी पिशवी. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी एका स्मरणिकेत आपले घराणे माळव्यात कसे आले यावर लेख लिहिला होता. घरातली प्रत पावसात गेली होती. कोणीतरी त्यांना सांगितले होते की तुमच्याकडे तो गठ्ठा आहे. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि खोटे बोलू शकलो नाही. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "असू द्या. तुम्हाला तरी काय माहीत." पिशवीची घडी घातली आणि निघून गेले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट कळली. ती कदाचित शिकवलेली असेल, पण मी शिकलो नव्हतो. आपण किमती पुस्तक आणि दुर्मिळ पुस्तक यांत गल्लत करतो. जाड, पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची कादंबरी आपल्याला मोलाची वाटते. पण ती गावोगावच्या वाचनालयांत आहे, पुन्हा छापूनही येते. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी अशा चार ठिकाणी पाठवायची असते. आपल्यासारख्या समाजाची स्मरणिका तिकडे पाठवावी असे आपल्या ध्यानातही येत नाही. तिच्या काही प्रती निघतात, दसऱ्यापर्यंत टीपॉयवर राहतात आणि दिवाळीच्या साफसफाईत जातात. आपल्या अलमारीतली प्रत गेली तर कदाचित जगातली शेवटची प्रत गेली.

हे देवासकरांनी तरी लगेच मान्य करावे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात प्रथम देवासला आला. पुढे १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. इथली गोकुळाष्टमी, दरबार, वाड्यातले गोंधळ हे सगळे तो घरी आईला आणि आप्तांना पत्रांतून कळवत असे. ती पत्रे तिकडे जपली गेली. त्यांवरूनच १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक झाले. पुस्तकाच्या नावातली टेकडी म्हणजे आपली चामुंडा मातेची टेकडी. शंभर वर्षांपूर्वीची देवासची गोकुळाष्टमी जगाला माहीत आहे, कारण इंग्लंडमधल्या एका घराने पत्रे फेकली नाहीत. तीच गोकुळाष्टमी आपल्याही पणज्यांनी पाहिली, तिची पत्रे त्यांनीही लिहिली असतील. ती कुठे आहेत, हे प्रत्येकाने घरी जाऊन माळ्यावर पाहावे.

धारकरांसाठीही एक गोष्ट आहे. भोजराजाची विद्वत्ता आपण अभिमानाने सांगतो. बाराव्या शतकात गुजरातच्या सिद्धराज जयसिंहाने माळवा जिंकला आणि इथले ग्रंथ पाटणला गेले, असे जैन प्रबंधांतून सांगितले जाते. त्यांत भोजाचे व्याकरण पाहून त्याने हेमचंद्राचार्यांकडून नवे व्याकरण करवून घेतले, तेच 'सिद्धहेम'. म्हणजे जिंकलेल्या राजालाही ग्रंथांची किंमत कळत होती. पुढे संस्थानी काळात काशिनाथ कृष्ण लेले यांनी धारचे शिलालेख आणि जुनी साधने हुडकण्यात आयुष्य घातले. कॅप्टन लुआर्ड यांच्यासह त्यांनी परमारांवर लिहिलेले पुस्तक १९०८ साली निघाले. लेल्यांसारखा माणूस उद्या आपल्या समाजाचा इतिहास लिहायला आला, तर आपण त्याच्यापुढे काय ठेवणार? खुर्च्या?

आता कामाचे बोलतो. अलमाऱ्या रिकाम्या करायच्या हे मला मान्य आहे. सगळेच ठेवणे म्हणजे ग्रंथालय नव्हे, ते गोदाम. पण रिकाम्या करण्याची रीत आहे. सगळी पुस्तके खाली काढावीत, झटकावीत आणि त्यांचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग वाचनाचा. ज्याची बांधणी शाबूत आहे आणि ज्याला वाचक मिळेल असे सगळे यात.

दुसरा ढीग निरोपाचा. यात एकाच पुस्तकाच्या चार-चार प्रती, पानेच नसलेली पुस्तके, पंचवीस वर्षांपूर्वीची परीक्षेची मार्गदर्शके. चांगल्या जादा प्रती दुसऱ्या वाचनालयाला द्याव्यात, उरलेले खुशाल रद्दीत द्यावे. मात्र यादी करून, बैठकीत ठराव करून आणि किमान दोघांनी बघून. एकट्या माणसाने, विशेषतः नुकत्याच पदविका घेतलेल्या माणसाने, हे करू नये.

तिसरा ढीग 'फक्त आपल्याकडे' असलेल्यांचा. स्मरणिका, इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीच्या पावतीपुस्तिका, नाटकांची हस्तपत्रके, सत्काराची मानपत्रे, फोटो, संस्थानी काळातले छापील अहवाल. मोडी कागदही यातच. आपल्याला मोडी वाचता येत नाही म्हणून तो कागद निरुपयोगी ठरत नाही. वाचणारे अजून आहेत, शिकवणारेही आहेत. हा ढीग घरी न्यायला कोणालाही द्यायचा नाही, अध्यक्षांनाही नाही.

तिसऱ्या ढिगाचे जतन खर्चाचे नाही. सेलोटेप लावू नये. काही वर्षांत गोंद पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. पिना काढाव्यात, त्या गंजतात. नोंद पेन्सिलीने करावी. सुती कापडात बांधून भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे ओल आणि वाळवी पोचत नाही. पावसाळा संपला की महिन्यातून एकदा उघडून कसर लागली का ते पाहावे. फोटोंच्या मागे नावे लिहावीत, आणि ती आत्ताच. कारण फोटोतली माणसे ओळखणाऱ्या आजी आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

मग स्कॅनिंग. तरुण मंडळी विचारतात, सगळेच स्कॅन करून व्हॉट्सॲपवर का टाकत नाही? कादंबऱ्यांचे तसे करता येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतो. आपल्या स्मरणिका मात्र लेखकांची, त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन जरूर कराव्यात. ३०० डीपीआयला स्कॅन करावे, दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि फाइलच्या नावात वर्ष लिहावे. मोबाइलमध्ये पडून राहिलेला फोटो म्हणजे संग्रह नव्हे. मोबाइल बदलला की तोही गेला.

पहिल्या ढिगाला क्रमांक लागतो. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येते. त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कादंबरी. एवढ्यावर आपले बरेचसे काम भागते. संगणकासाठी शासनाचे ई-ग्रंथालय आहे, आणि 'कोहा' नावाची मोफत प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाने ती २००० साली सुरू केली, आज ती जगभर चालते. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. आपल्या चार अलमाऱ्यांना साधा एक्सेलचा तक्ताही पुरेल. प्रणाली कोणतीही घ्या, कोणते पुस्तक कोणाकडे गेले आणि कधी परत आले हे त्याच दिवशी लिहिले गेले पाहिजे. आपली जुनी नोंदवही मी पाहिली. नोंदवहीतली कितीतरी पुस्तके अलमारीत नाहीत. ती चोरीला गेलेली नाहीत, ती आपल्याच घरी आहेत. दंड घेणार नाही, उद्या आरतीला येताना आणा.

पण नोंदी झाल्या, क्रमांक लागले, आणि अलमारीला कुलूप राहिले तर सगळे व्यर्थ. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. त्यांतले पहिलेच असे की पुस्तक वापरासाठी असते. हे रंगनाथन १९५७ ते १९५९ या काळात आपल्या शेजारी, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात शिकवत होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्याही आधी बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या, बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय केली. वाचक येत नाही अशी तक्रार करण्याऐवजी त्यांनी पुस्तकच वाचकाकडे पाठवले.

आपल्यालाही तेच करावे लागेल. आठवड्यातून दोन संध्याकाळ, सहा ते आठ, दार उघडे हवे. गुडघे दुखणाऱ्या काकूंना पिशवीत चार पुस्तके घरपोच हवीत. आणि मुले. आपली नातवंडे मराठी वाचू शकत नाहीत असे आपण उगाच म्हणतो. ती हिंदी वाचतात, म्हणजे देवनागरी वाचतात. अडतात ती 'ळ'ला आणि थोड्या शब्दांना. माझी मुलगी पहिल्यांदा 'बाळ'ला 'बाल' म्हणाली; पाच-सहा गोष्टींनंतर सुधारली. आजीने शेजारी बसून एक पान वाचायचे, नातवाने एक पान. याला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही.

माझ्या तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिका असतील त्यांनी त्या विसर्जनाच्या आधी आणाव्यात. ठेवायच्या नसतील तर स्कॅन करून परत देऊ. दोन संध्याकाळी बसायला चार जणांनी नावे द्यावीत. पाचवे नाव माझे. आणि तीन ढीग झाल्याशिवाय अलमाऱ्या हलवू नयेत. त्यानंतर एक अलमारी रिकामी झाली, तर काकांच्या खुर्च्यांना माझी ना नाही.

ते आजोबा आता नाहीत. त्यांच्या वडिलांचा लेख मी अजून शोधतो आहे. कदाचित तो तुमच्यापैकीच कोणाच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत असेल. सापडला तर आधी मला कळवा. मी तो त्यांच्या नातवाला स्वतः नेऊन देईन.

गणपती बाप्पा मोरया!