अरण्याचा शब्दचित्रकार

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाच्या कर्त्या पुरुषांनीं टेकड्यांमधील जागा हेरून बांध घातले आणि भातशेतीसाठीं पाणी सांठविलें. नवेगांवबांधचा जलाशय हें त्यांपैकीं फार मोठें काम होय. अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यांनीं तें सिद्धीस नेलें, असें परंपरा सांगते. १९९९ सालीं जिल्ह्याचें विभाजन होऊन नवेगांव गोंदिया जिल्ह्यांत गेलें. परंतु ही हकीकत घडली तेव्हां तें भंडाऱ्याचेंच होतें.

या जलाशयाच्या कांठीं मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी नोकरीच्या निमित्तानें येऊन राहिले. त्यांचा जन्म १९३२ सालीं सोलापुरांत झाला. घरची भाषा तेलुगू. वनविद्येचें शिक्षण कोइमतूर येथें. अशा पाठशाळेंत झाडांचीं शास्त्रीय नांवें शिकावयास मिळतात. तेंच झाड गांवांत कोणत्या नांवानें ओळखलें जातें, हें मात्र गांवकऱ्यासच विचारावें लागतें.

नवेगांवांत त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. तळें, रान आणि पांखरें यांविषयींचें माधवरावांचें ज्ञान जन्मभराच्या सहवासांतून आलेलें होतें. अधिकाऱ्यानें गांवच्या माणसापुढें शिष्यासारखें बसावें, ही गोष्ट सरकारी रिवाजांत बसणारी नव्हे. चितमपल्ली बसले. आदिवासी आणि रानांत वावरणारे इतर लोक यांच्या तोंडचे शब्दही त्यांनीं असेच टिपून घेतले.

चित्रकार रेषेनें पक्षी उभा करतो. चितमपल्लींनीं तो शब्दांनीं उभा केला. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ हीं पुस्तकें त्याची साक्ष देतात. जेथें मराठींत शब्द नव्हता तेथें त्यांनीं तो घडविला. कावळ्यांच्या वीणीच्या वसाहतीस ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ हे शब्द त्यांचेच. पुढें २००२ सालीं त्यांचा ‘पक्षिकोश’ प्रसिद्ध झाला.

या उद्योगाचें मोल काय, असें कोणी विचारील. बोलीतलें नांव केवळ जिभेवर जगतें. सांगणारा वृद्ध गेला कीं तें त्याच्याबरोबर जातें. पांखरूं दरवर्षीं तळ्यावर उतरतच राहतें. परंतु त्याला हांक मारण्यास मुलांजवळ शब्द उरत नाहीं. आणि ज्याचें नांवच ठाऊक नाहीं, तें नाहींसें झालें तरी त्याची चुकचुक कोणास लागणार?

२००६ सालीं सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद चितमपल्लींना लाभलें. २०२५ सालीं पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षीं १८ जून रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या थोरवीची एक खूण मात्र या मानसन्मानांहून निराळी आहे. ज्या माणसापासून ते शिकले, त्याचें नांव त्यांनीं आपल्या पुस्तकांत लिहून ठेविलें. म्हणूनच माधवराव पाटील आज नवेगांवाबाहेरही ओळखले जातात.

पुढल्या हिवाळ्यांत जो कोणी या तळ्यांवर जाईल, त्यानें दुर्बिणीबरोबर एक लहानशी वही न्यावी. कांठावरच्या ढीवरास पांखराचें नांव विचारावें, तें जसेंच्या तसें लिहावें, आणि त्याच्या शेजारीं सांगणाऱ्याचें नांव व गांव लिहावयास विसरूं नये.