बढतीची शिडी कोणाच्या हाती?



स्थलांतरित हॉटेल कामगारांचा प्रश्न निघाला की आपल्यातलेही काही सुशिक्षित सहकारी म्हणतात, त्यांना आधी भाषा व कौशल्य शिकवा, पगार मागाहून वाढेलच. हा क्रम उलटा आहे. त्याचा दाखला भांडवलशाहीच्या ऐन पंढरीत, अमेरिकेतील लास व्हेगास शहरात मिळतो.

तेथील जुगारघरे व हॉटेले मेक्सिको, मध्य अमेरिका, फिलिपाइन्स, इथिओपिया येथून आलेल्या माणसांच्या श्रमावर चालतात. नेवाडा राज्याच्या कायद्याने कोणावरही युनियनच्या सभासदत्वाची सक्ती करता येत नाही. तरीही क्युलिनरी वर्कर्स युनियनचे, म्हणजे लोकल २२६ चे, सुमारे ६०,००० सभासद आहेत. हे बळ व्याख्यानांनी आलेले नाही (हे मी व्याख्यानातच सांगतो आहे, हे खरे!). फ्रंटिअर हॉटेलातील सुमारे ५५० कामगार २१ सप्टेंबर १९९१ रोजी संपावर गेले, ते १ फेब्रुवारी १९९८ पर्यंत. सहा वर्षांहून अधिक काळ दारापुढे रात्रंदिवस निदर्शने चालली आणि एकही संपकरी फुटला नाही. अखेर मालकांनी हॉटेल विकले व नव्या मालकाने करार केला.

हा संप चालू असतानाच, १९९३ साली, युनियन आणि अन्य हॉटेलमालक यांच्या संयुक्त विश्वस्त निधीतून क्युलिनरी अकॅडमी उभी राहिली. पैसा करारान्वये मालकांचा, कारभारात युनियन बरोबरीची. भांडी घासणारा तेथे स्वयंपाकाचे काम शिकतो, इंग्रजीही शिकतो. वरच्या जागेचा दर करारात बांधलेला असल्याने शिकलेल्या हाताला त्याचे मोल मिळते. करार नसता तर तोच मनुष्य स्वयंपाक्याचे काम भांडी घासणाऱ्याच्या पगारात करीत राहिला असता. आपल्याकडील कित्येक भटारखान्यांत हेच चालते.

सप्टेंबर २०२३ मध्ये ९५ टक्के मतांनी संपाचा अधिकार युनियनला मिळाला. नोव्हेंबरमध्ये बड्या कंपन्यांनी पाच वर्षांचे करार केले : पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढ, पैकी १० टक्के पहिल्याच वर्षी. खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांना मात्र रोजच्या खोल्यांची संख्या घटली, याचे मोल अधिक वाटले असणार. पाठ आणि गुडघे त्यांचेच झिजतात.

मुंबईत हे काम आपल्याला परके नाही. मंगळूरहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात येथील हॉटेल-उपाहारगृहांतील कामगार संघटित केले. आज तेथे नेपाळ, बिहार, उत्तराखंडची मुले पोटमाळ्यावर झोपतात. त्यांच्या मागणीपत्रकात किमान वेतनाच्या कलमाखालीच बढतीचा क्रम आणि मालकांनी भरावयाचा प्रशिक्षण निधी लिहा. वेतनावर मालक घासाघीस करतील, निधीवर हसतील. हसू द्या. फक्त सभा रात्री बारानंतर ठेवा. त्याआधी हा कामगार मोकळा होत नाही.