पोयबावडीचे मजूरमंत्री

(वसंत व्याख्यानमालेत लालबाग येथे दिलेले व्याख्यान)



३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यावर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पत्र चालवत होते आंबेडकर, पण त्यांना नाव घालता येत नव्हते. ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत, म्हणजे सरकारचे नोकर. पगार महिना ४५० रुपये, आणि बिऱ्हाड इथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडन गाठले. सरकारी खुर्ची आणि चळवळ यांची ही त्यांची पहिली ओढाताण. मला बोलायचे आहे ते मोठ्या ओढाताणीबद्दल, १९४२ ते १९४६ या काळातल्या.

महाड, येवला, पुणे करार यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. मजूरमंत्री आंबेडकर मात्र बहुधा मोबाइलवरच भेटतात. एप्रिल आला की संदेश फिरू लागतो, ‘बाबासाहेबांनी कामाचे चौदा तास आठ केले.’ अहो, १९३४च्या फॅक्टरी कायद्यात बारमाही कारखान्यांना दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होतीच. १९४६च्या दुरुस्तीने ती ९ आणि ४८वर आली. आठवड्याचे सहा तास सुटले. ज्याने भोंग्यावर आयुष्य काढले त्याला सहा तास म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याला चौदाची फोडणी कशाला हवी?

संपाशी त्यांचे नाते सरळ नव्हते. १९२८चा गिरण्यांचा संप सहा महिने चालला. तेव्हा ते संपाच्या पुढाऱ्यांना विचारत होते की अस्पृश्य कामगाराला विणकामाच्या साचेखात्यात का घेत नाहीत? कारण सगळ्यांना ठाऊक होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या उष्ट्या धोट्याला दुसरा हात लावायला तयार नसे. जादा मजुरीचे काम त्यामुळे बंद. ही मागणी यादीत घाला, असा त्यांनी आग्रह धरला आणि ती नाखुशीने का होईना, घातली गेली. पुढच्या वर्षीच्या संपाला तर त्यांनी उघड विरोध केला.

पण संप करण्याच्या हक्कावर कोणी हात टाकला तेव्हा हाच माणूस रस्त्यावर उतरला. १९३८ साली मुंबई प्रांतातल्या काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. विधिमंडळात आंबेडकरांचा युक्तिवाद वकिली आणि धारदार होता. काम थांबवणे म्हणजे फार तर करार मोडणे, आणि करार मोडल्याबद्दल तुरुंग म्हणजे माणसाकडून त्याच्या मर्जीविरुद्ध काम करून घेणे. त्याला गुलामगिरी म्हणतात. ७ नोव्हेंबरला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्ट पुढारी डांग्यांशी त्यांचे जमत नसे, त्यांच्याच बरोबरीने ते परळच्या कामगार मैदानावरच्या सभेत उभे राहिले. शहरात गोळीबार झाला. विधेयक तरीही पास झालेच.

आता चार वर्षे पुढे या. जुलै १९४२मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि मजूर खाते त्यांच्याकडे आले. ७ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीची बैठक भरत होती. त्याच दिवशी दिल्लीत आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार प्रथमच एका टेबलाशी बसले. त्रिपक्षीय परिषदेची आपल्याकडची पद्धत तिथून सुरू झाली. आणि त्याच महिन्यात भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघाला, चौदा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येणार नाही!

इथे चरित्रकार पान उलटतात. मला वाटते, इथेच थांबावे. याच सुमारास विलायतेत अर्नेस्ट बेव्हिन मजूरमंत्री होता. गोदी कामगारांच्या संघटनेतून वर आलेला, देशातल्या सर्वांत मोठ्या युनियनचा पुढारी. १९४०मध्ये मंत्री झाल्यावर दोन महिन्यांत त्यानेही संपबंदीचा हुकूम काढला. हिटलर आणि जपान जिंकले तर कामगाराचा हक्क उरणारच नाही, असे या दोघांनाही मनापासून वाटत होते. पण बेव्हिनच्या मागे निवडून आलेली पार्लमेंट होती. आंबेडकरांच्या मागे व्हाइसरॉय होता, आणि बाहेर सारा देश ‘चले जाव’ म्हणत होता.

कोळशाच्या खाणींचे प्रकरण याहून अवघड. बायकांना जमिनीखाली कामाला लावण्यावर १९३७पासून पूर्ण बंदी होती. युद्धात मजूर लष्करी कामांवर गेले, कोळसा कमी पडू लागला आणि १९४३मध्ये सरकारने बंदी उठवली. सभागृहात उत्तर द्यायला उभे राहिले ते मजूर खात्याचे मंत्री. ही तात्पुरती व्यवस्था आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते आहे, असे त्यांनी सांगितले. समान मजुरीचा मुद्दा खोटा नव्हता. तरी मला हे समर्थन पटत नाही, आणि त्यांना तरी कितपत पटले असेल याची शंका येते. कारण त्या डिसेंबरात ते धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. जानेवारी १९४४मध्ये खाणकामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बायकांवरची बंदी पुन्हा लागू झाली ती फेब्रुवारी १९४६मध्ये.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. काही महिन्यांत कार्यकारी मंडळच बदलले आणि आंबेडकर बाहेर पडले. तो कायदा झाला १९४८मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना.

त्याच साली आणखी एक कायदा झाला. आंबेडकरांच्या खात्याने १९४३मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना, म्हणजे आणखी एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखायला बसवले होते. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला. त्यातून राज्य विमा योजना उभी राहिली. आमच्या पिढीच्या तोंडी तिचे नाव ‘इएसआय’. पगारातून कापले जाणारे पैसे, कार्डासाठीची रांग, आणि रांगेत उभे राहून दिलेल्या शिव्या! परळचे महात्मा गांधी रुग्णालय त्याच योजनेतले. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या वडिलांनी तिथे खाट धरली असेल. पोयबावडीची ती चाळ तिथून काही फार लांब नाही.