एक काडी आणि पुढची वाट



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय यांवर बोलावयाचे, ही आपली जुनी रीत. आजचा विषय पत्रिकेत छापताना चालकांनी दोनदा विचार केला असेल. विषय आहे माणसाच्या शौचाचा. त्याच्या तपासणीने मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळेत ओळखता येतो काय, आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी हे काम कसे व्हावे, एवढेच आज पाहावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण मार्केट यार्डाच्या ओट्यावर, हमालांच्या संघटनेत आणि वाचनालयात झाले. तेव्हा जे सांगू ते काही वाचून, काही डॉक्टरांना विचारून आणि काही सोसून शिकलेले आहे.

सोसण्याची गोष्ट आधी सांगतो. आमचा एक जुना सोबती, वय बावन्न, पाठ अशी की पोते टाकल्यावर हलत नसे. त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध म्हणून एकाने चूर्ण दिले, दुसऱ्याने मलम दिले. अंगातले रक्त कमी झाले तेव्हा लोहाच्या गोळ्या मिळाल्या; ते कमी का झाले, हे कोणी पाहिले नाही. आम्हीही पाहिले नाही. त्याच्या मजुरीच्या दराची फाईल आमच्यापाशी होती, त्याच्या दुखण्याची नव्हती. चौदा महिन्यांनी आतडे बंद पडले, तेव्हा त्याला मुंबईस नेला. रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. परतीच्या गाडीत तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, माले सांगाले लाज वाटनी."

त्या एका वाक्यासाठी आज आम्ही येथे उभे आहोत.

आता रोगाची चाल पाहू. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर बारीक कोंब येतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. पुष्कळांना ते येतात आणि बहुतेक निरुपद्रवी राहतात. काही थोडे मात्र वाढत जातात आणि बहुधा दहाएक वर्षांत कर्करोगाचे रूप घेतात. हा काळ आपल्या बाजूचा आहे. या काळात कोंब काढला तर कर्करोग होण्याआधीच टळतो. रोग आतड्यापुरता असताना सापडला, तर शस्त्रक्रियेने पुष्कळ रोगी बरे होतात. कोंब किंवा गाठ मधूनमधून थोडे रक्त सोडते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण मळात मिसळलेले असते. तपासणी शोधते ती या न दिसणाऱ्या रक्ताला.

ही युक्ती जुनी आहे. ग्वायक नावाच्या झाडाच्या राळेने रक्त ओळखण्याची रीत व्हान डीन या वैद्याने १८६४ साली दाखविली. १९६७ साली अमेरिकेत ग्रीगर या डॉक्टरांनी त्या राळेचे कागद लोकांच्या घरी देऊन, ज्यांना काही होत नाही अशांची तपासणी सुरू केली. पुढे मिनेसोटा राज्यात ४६ हजारांहून अधिक लोकांवर मोठा प्रयोग झाला. दरवर्षी तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तेरा वर्षांत सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे १९९३ साली जाहीर झाले. राळेच्या कागदात एक खोट होती. मटण खाल्ले, कच्चा मुळा खाल्ला, तरी तो फसे. आता 'फिट' नावाची तपासणी आली आहे. ती फक्त माणसाच्याच रक्तातला पदार्थ ओळखते, म्हणून पथ्य लागत नाही. लहान नळीच्या झाकणाला काडी असते. ती मळात चार ठिकाणी टोचावयाची, नळीत बंद करावयाची आणि द्यावयाची. ना सुई, ना उपाशी राहणे.

मग अडचण कोठे आहे? आपल्या तालुक्यातल्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, असे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या तालुक्याच्या माणसांनी हिशेबाला भिऊ नये. समजावे म्हणून आकडे धरू. पन्नाशीपुढचे दहा हजार लोक घेतले आणि त्यांत दहांना हा रोग लपलेला आहे असे मानले. ही तपासणी दहांपैकी सुमारे आठ पकडते. दोन सुटतात, आणि 'काही नाही' असे ऐकून निर्धास्त होतात. शिवाय मूळव्याध आणि आतड्याचे इतर विकार यांच्यामुळेही रक्त येते. शंभरात पाचजणांच्या नळीत रक्त निघाले, तर पाचशे माणसे झाली. त्यांत रोगी आठ. काहींच्या आतड्यात कोंब निघतील, तो फायदाच. पण कोणाला काय आहे हे कळण्यासाठी पाचशेच्या पाचशेंना गुदमार्गे दुर्बीण घालून तपासावे लागेल. त्यासाठी पोट साफ करण्याचे औषध हवे, शिकलेला डॉक्टर हवा, एक दिवसाचा रोजगार बुडवावा लागेल आणि सोबतीला माणूस लागेल. काडी स्वस्त आहे. पुढची वाट महाग आहे.

ही अडचण एकट्या गरिबांची आहे असे समजू नका. हॉलंडसारख्या श्रीमंत देशाने २०१४ साली अशी मोहीम काढली. अंदाजाहून अधिक लोकांच्या नळीत रक्त निघाले, दुर्बिणी पुऱ्या पडेनात, आणि त्याच वर्षी किती रक्ताला 'आहे' म्हणावयाचे ती मर्यादा त्यांना वाढवावी लागली. थायलंडने लांपांग प्रांतात २०११-१२ साली ५० ते ६५ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक लोकांसाठी प्रयोग केला. तेथे आरंभापासूनच मर्यादा उंच ठेवली होती, त्यामुळे शंभरात जेमतेम एकालाच दुर्बिणीकडे धाडावे लागले. शंभरातल्या सुमारे ६३ जणांनी नमुना दिला, आणि पुरुष बायकांच्या मागे राहिले. लाज केवळ खानदेशात नाही!

आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांहून काही पटींनी कमी आहे. म्हणून तेथली मोहीम जशीच्या तशी येथे आणली तर तेवढ्याच खर्चात फार थोडे रोगी हाती लागतील. सरकारने २०१६ साली तपासणीचा जो आराखडा केला, त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग घेतले. आतड्याचा घेतला नाही. या निर्णयावर आमचा राग नाही. पण 'सर्वांची तपासणी नाही' याचा अर्थ 'ज्याला त्रास होतो त्याचीही नाही', असा होऊ लागला तर मात्र राग आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत धडा घालून दिलेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर दीड लाख स्त्रियांचा प्रयोग केला. तपासणारणी डॉक्टर नव्हत्या. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केले होते. पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा लावून पाहावयाचे, एवढीच तपासणी. बारा वर्षांत त्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटातल्या बायकांना केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी मिळाली नाही, यावर पुढे कठोर टीका झाली आणि ती आम्हांला रास्त वाटते. तरी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथे जिच्यात संशय आला तिला पुढे नेण्याची, निदानाची आणि उपचाराची सोय आधीच ठरलेली होती. नुसत्या व्हिनेगरने कोणी वाचले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ सालीच तपासणीचे जे नियम लिहिले, त्यांत निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असली पाहिजे, हे स्पष्ट आहे. आपल्याकडे मात्र पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर भरते, फलक लागतो, कागद वाटले जातात आणि संध्याकाळी मंडप उतरतो. उद्या कोणी येथे फिटच्या नळ्या वाटावयास आला, तर त्याला एकच विचारा: ज्याच्या नळीत रक्त निघेल त्याची दुर्बीण कोठे, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या खर्चाने? आणखी एक विचारा. वैशाखाच्या उन्हात नळी दोन दिवस टपरीवर पडली, तर त्यातला रक्ताचा अंश विरतो आणि रोग्याला 'काही नाही' असा खोटा दाखला मिळतो. नळ्या थंड कोण ठेवणार?

मग आमचे म्हणणे काय? दुर्बिणीच्या रांगेत पहिला मान ज्याला लक्षणे आहेत त्याचा. शौचात रक्त, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, कारणाशिवाय घटलेले वजन, आणि पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगातले कमी झालेले रक्त. असा माणूस आला की तालुक्याच्या दवाखान्यात त्याचे हिमोग्लोबिन पाहावे आणि गुदद्वाराची बोटाने तपासणी करावी. तिला एक हातमोजा लागतो. गुदाशयातली खालची गाठ पुष्कळदा त्या बोटालाच लागते. त्यानंतर धुळ्याची किंवा जळगावची तारीख कागदावर लिहून द्यावी. काडीचाही उपयोग येथेच आहे. लक्षणे घेऊन आलेल्यांपैकी आधी कोणाला पाठवावयाचे, हे ठरविण्यासाठी इंग्लंडमध्ये २०२३ पासून दवाखान्यांना याच तपासणीची शिफारस केलेली आहे. थोड्या दुर्बिणी असलेल्या मुलखाला ही रीत अधिक मानवेल.

१९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा हमालाची मजुरी काही आपोआप घरी आली नाही. नोंदवही, पावती आणि पाठपुरावा यांनी ती आली. येथेही तेच करावे लागेल. आमच्या संघटनेत आता एक वही ठेवली आहे: कोणाला काय होते, कोठे पाठविला, तारीख कोणती मिळाली, सोबत कोण गेला. बुडालेल्या रोजाचा वाटा आम्ही वर्गणीतून देतो. वही बारीक आहे, पण ती कोऱ्या फाईलपेक्षा बरी.

शेवटी लाजेबद्दल. शौचाला हात लावण्याचे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या काही माणसांच्या माथी मारले आणि त्यांनाच दूर ठेवले. १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली त्याविरुद्ध कायदे करावे लागले. दुसऱ्याचा मैला वाहणाऱ्याला आपण लाजविले. त्या लाजेची फेड अशी, की आपल्याच शौचातले रक्त आपण बायकोलाही सांगत नाही. ज्या नगरपालिकेचे सफाई कामगार रोज गावाची घाण उपसतात, त्यांच्याकडून एवढे तरी शिकू, की घाणीकडे पाहिल्याने कोणी लहान होत नाही.

उद्या सकाळी प्रत्येकाने मागे वळून एकदा पाहावे. आणि काही दिसले तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. आमच्या सोबत्याने चौदा महिने सांगितले नाही, आणि आम्ही चौदा महिने विचारले नाही. यातला दुसरा दोष आमचा आहे. तो पुन्हा होऊ नये म्हणून ही वही आहे.