मेलेल्यांची मोजणी आपणच ठेवू
(ग्रामसभांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मायबापहो, दादा-बाईंनो, सकाळपासून आपण दावे, नकाशे, पट्टे यावरच बोललो. आता आम्ही मरणावर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात हे कशाला? तर तेच आधी सांगतो.

वनहक्काचा दावा भरताना आपण काय शिकलो? जमीन पिढ्यान्‌पिढ्या आपण कसतो, पण कागदावर नाही, म्हणून आपल्याला अतिक्रमण करणारे म्हणतात. मरणाचंही तसंच आहे. माणूस गेला, आपण माती दिली, पण कागदावर नाही, तर सरकारच्या हिशोबात इथे कुणी मेलंच नाही. मग फवारणी येत नाही, औषध येत नाही, नर्सबाईची रिकामी जागा भरत नाही.

जनगणना करणारं जे रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय आहे, त्यांनी आणि डॉ. प्रभात झा यांच्यासारख्या संशोधकांनी मिळून देशात एक मोठा अभ्यास केला. त्याला 'मिलियन डेथ स्टडी' म्हणतात, म्हणजे दहा लाख मरणांचा अभ्यास. पद्धत साधी आहे. ज्या घरात मरण झालं तिथे माणूस जातो. ताप होता का, किती दिवस होता, थंडी वाजत होती का, धाप लागली का, झटके आले का, हे विचारतो आणि घरचे सांगतात ते त्यांच्याच बोलीत लिहून घेतो. तो कागद दोन डॉक्टर वेगवेगळे वाचतात आणि कारण ठरवतात. दोघांचं जमलं नाही तर पुन्हा तपासतात. हे बोलून केलेलं पोस्टमॉर्टेमच झालं.

त्यातून काय निघालं? मलेरियाने देशात वर्षाला 15,000 माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. या अभ्यासाने 2010 साली सांगितलं, सत्तरीच्या आतलीच सुमारे 2,05,000 मरतात. त्यातली 100 पैकी 90 खेड्यातली, आणि 86 जणांचा जीव दवाखान्याबाहेरच गेला. संघटनेने हा आकडा मानला नाही. ताप पुष्कळ रोगांत येतो, नुसतं विचारून मलेरिया कसा ठरवणार, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा खरा आहे, आकडा कमीजास्त असू शकतो. पण दवाखान्यात जो पोचलाच नाही, तो दवाखान्याच्या रजिस्टरात कसा येणार?

सापाचं तर ओळखायला सोपं आहे. 2005 साली साप चावून देशात सुमारे 45,900 माणसं मेली, असं याच अभ्यासात निघालं. दवाखान्यांच्या सरकारी आकड्याच्या हे तीस पटीहून जास्त. 100 पैकी 97 खेड्यातले, आणि दवाखान्यात मेले फक्त 23. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, शेतात-रानात राबणारे. म्हणजे आपणच.

मोजलं की काम कसं होतं, तेही आपल्या गडचिरोलीनेच दाखवलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव बाळांची मरणं मोजली. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यातच फार बाळं जातात, आणि तीही घरीच, हे दिसलं. मग 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. तीन वर्षांत तिथली नवजात बाळांची मरणं निम्म्याहून कमी झाली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन घेते, ते काम यातूनच पुढे आलं.

आणखी एक गोष्ट, कडू आहे पण बोलतो. मरणाचं कारण कळलं नाही की बोट एखाद्या म्हातारीकडे जातं. करणी केली म्हणतात. वहीत ताप, साप, अशक्तपणा असं नीट लिहिलं गेलं, तर त्या म्हातारीचा जीव वाचेल.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने एक वही करावी असं आम्ही मांडतो. नाव, वय, तारीख, टोला, काय त्रास होता, किती दिवस, कुठे नेलं, गाडी मिळाली का, औषध मिळालं का. पुजाऱ्याकडे नेलं असेल तर तेही लिहा, लाजायचं नाही. एका दिवसाचं, नाव न ठेवलेलं बाळसुद्धा लिहायचं. लिहिणाऱ्यांत एक बाई पाहिजेच, कारण बाळंतपणातलं बाईच बाईला सांगते. घरच्यांना दोष द्यायचा नाही, आणि वही बाहेर वाचून दाखवायची नाही. बाहेर जाईल तो फक्त आकडा.

सोबत सरकारी नोंदही करा. 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत कळवलं तर नोंदीला पैसे लागत नाहीत. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, मग फेऱ्याच फेऱ्या. वनहक्काची जमीन वारसाच्या नावावर करायची तर मृत्यूचा दाखला मागतातच. म्हणजे ही वही आणि पट्टा वेगळे नाहीत.

दर ग्रामसभेत वहीतले आकडे मांडा, ठराव घ्या, प्रत आरोग्य खात्याला द्या आणि पोच घ्या. पोच हातात असली की 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कुणाला म्हणता येणार नाही.

जंगल आपण मोजलं, शेत मोजलं. आता आपली माणसंही मोजू.

जोहार! जिंदाबाद!