कपिलांछन आणि जीवदया



चौथे तीर्थंकर भगवान अभिनंदननाथ यांचे लांछन कपी आहे. त्या जीवाविषयीची करुणा ज्ञानयुक्त असावी.

काळतोंड्या वानराचे जठर कप्प्याकप्प्यांचे असून पाने आंबवून पचविण्यासाठी घडलेले असते. भाविकांनी घातलेली बिस्किटे व पाव त्याचे पचन बिघडवितात. माणसाचा क्षयरोग माकडाला जडतो. उलट, १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडांमार्फत माणसाला होतो. २०१६ साली सिंधुदुर्गातही त्याची साथ आली.

म्हणून जखमी वा मृत माकडास स्पर्श न करता वनविभागास त्वरित कळवावे. जाणकार पशुवैद्य हातमोजे व मुखपट्टी घालून, आवश्यक तेथे भूल देऊन उपचार करतात. अन्न घालण्याआधी संयम आणि स्पर्शाआधी विवेक, हीच खरी जीवदया होय.

जय जिनेंद्र!